पाणी कुठे, किल्ली कुणाकडे

मुतखड्याच्या रोग्याला जगाकडून फार काही लागत नाही. प्यायला भरपूर पाणी, लघवीला जायला जवळ जागा, आणि या दोन्हींसाठी कुणापुढे खुलासा करावा लागू नये, एवढंच. तमिळनाडूतल्या एका लुथरन सेमिनरीत मी काही दिवस वाचायला गेलो, तेव्हा माझ्या डाव्या मूत्रवाहिनीत 5 मिलिमीटरचा खडा अडकलेला होता. वरच्या तिन्ही गोष्टी मला तिथे सुखासुखी मिळाल्या नाहीत, आणि त्याबद्दलची माझी तक्रार मी इथे मांडतो आहे. त्रास लहान होते. पण लहान त्रासांची कुणी दादच घेत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतात, आणि आजारी माणसाला दुखण्याइतकेच दमवतात.

खडा घेऊन इतक्या लांब जायचंच कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. युरॉलॉजिस्टांचं म्हणणं स्वच्छ होतं. 5 मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुतेक वेळा आपला आपण पडतो, त्याला काही आठवडे लागू शकतात, तोवर अंथरुणाला खिळून राहण्याचं कारण नाही. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या, रात्रीची गोळी चुकवू नका, वेदनाशामक जवळ ठेवा, आणि ताप आला किंवा लघवी बंद झाली तर सरळ हॉस्पिटल गाठा. वाचनाची परवानगी कधीची हातात होती. आजारी आहे म्हणजे माणसाने घरी बसावं, ही अपेक्षा मला मान्य नाही. मधुमेह, रक्तदाब, प्रोस्टेट, दुखरे गुडघे घेऊन असंख्य माणसं रोज कामाला जातात. जग त्यांच्यासाठीही चालवलं गेलं पाहिजे.

काम होतं श्वार्ट्झ आणि सरफोजीराजे यांच्याविषयीचं. क्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ हा जर्मन लुथरन मिशनरी 1750 मध्ये तरंगमबाडीला उतरला आणि 1798 मध्ये तंजावरला वारला. मधली जवळजवळ 48 वर्षं त्याने याच मुलखात काढली. तंजावरच्या तुळजाजीराजांनी 1787 मध्ये सरफोजींना दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी ते वारले. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांच्या कारभारात मुलाची आबाळ होऊ लागली, तेव्हा त्याच्या शिक्षणासाठी आणि सुरक्षिततेसाठी इंग्रजांकडे खटपट केली ती श्वार्ट्झने. सरफोजी 1798 मध्ये गादीवर आले. धर्म त्यांनी बदलला नाही, पण गुरूसाठी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. मरणशय्येवरचा श्वार्ट्झ आणि त्याचा हात हातात घेतलेला मराठा राजा, असं ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. या मिशनऱ्यांची पत्रं आणि अहवाल 1710 पासून जर्मनीतल्या हाले शहरात छापले जात. त्यांचे जुने खंड पाहायला मिळणार, म्हणून मी निघालो होतो.

वाचनकक्षात पाण्याची बाटली नेता येत नाही. हा नियम योग्यच आहे. अठराव्या शतकातला कागद, त्यात दमट हवा. एकदा पाणी सांडलं की बुरशी धरलीच. तक्रार नियमाबद्दल नाही, बाटली ठेवायची कुठे याचा विचार कुणी केलेला नाही, याबद्दल आहे. दाराबाहेर टेबल नाही, फळी नाही, खुंटीही नाही. जमिनीवर ठेवलेली बाटली झाडणाऱ्या बाई टाकून दिलेली समजून उचलतात, आणि त्यांचं त्यात काही चुकत नाही. पिण्याच्या पाण्याचं पिंप इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, भोजनगृहाच्या व्हरांड्यात. पिंपाला साखळीने बांधलेला स्टीलचा एकच पेला, जेमतेम दीडशे मिलिलिटरचा. साखळी इतकी आखूड की पेला तोंडाशी न्यायचा तर कमरेत वाकावं लागतं. कळ ज्या कुशीत येते त्याच कुशीवर वाकायचं आणि प्यायचं. एक लिटर पाणी पोटात जायचं तर तो पेला सात वेळा भरावा लागतो, आणि मागे तहानलेली मुलं ओळीने उभी असतात. त्यांचा खोळंबा होतो म्हणून तिसऱ्या पेल्यालाच माणूस बाजूला होतो. साखळी हातभर लांब असती आणि जोडीला दुसरा पेला असता, तर यातलं काहीही घडलं नसतं.

प्यायलेलं पाणी बाहेरही पडावं लागतं. पाहुण्यांचं स्वच्छतागृह कुलूपबंद असतं आणि त्याची किल्ली कार्यालयात, हेडक्लार्कच्या टेबलाच्या खणात. किल्लीला वीतभर लांबीचा लाकडी ठोकळा बांधलेला, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने इंग्रजीत ‘गेस्ट’ असं लिहिलेलं. किल्ली हरवू नये म्हणून हा बंदोबस्त. पण तो ठोकळा खिशात मावत नाही. हातात धरून अंगणातून चालावं लागतं आणि भेटेल त्याला आपण कुठे निघालो ते कळतं. हेडक्लार्क चॅपेलला गेले की खण बंद, जेवायला गेले की बंद, बँकेत गेले की बंद. ते जागेवर असले तर संभाषण होतं.

“किल्ली हवी होती.”

“आत्ताच तर नेली होती, सर.”

“पुन्हा हवी आहे.”

“पोट बिघडलंय का? इथलं तिखट सोसत नसेल तुम्हांला.”

गृहस्थ मनाने चांगले होते. प्रश्न आपुलकीचा होता, सांगितलं असतं तर त्यांनी लगेच गोळी काढून दिली असती. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाने लघवीला जाण्याआधी दुसऱ्या पन्नाशी उलटलेल्या माणसाला कारण सांगावं, ही गोष्टच चूक आहे. मी पुरुष होतो म्हणून तिथे किल्ली तरी मागू शकलो. त्याच ग्रंथालयात वाचायला आलेल्या एक संशोधक बाई सकाळपासून पाणीच पीत नसत. त्यांनी हे मला अगदी सहज सांगितलं, जशी काही ती वाचनाचीच शिस्त आहे. बाहेर पडताना पाणी कमी प्यायचं, हे आपल्याकडच्या बायका शाळेपासून शिकतात. लघवी घट्ट झाली की तिच्यातले क्षार साठून खडे धरतात, हे विज्ञान सोपं आहे. कुलूप लावणाऱ्याला ते ठाऊक नसतं, एवढंच.

स्वच्छतागृहाच्या आतही अडचण आहे. खडा पडला तर तो हाती लागावा, म्हणून डॉक्टरांनी लघवी बारीक गाळणीतून गाळायला सांगितलं होतं. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा आहे की युरिक ॲसिडचा, हे तपासल्याशिवाय पुढचं पथ्य ठरत नाही. आता एका हातात गाळणी, दुसऱ्यात तो लाकडी ठोकळा, खांद्याला शबनम, आणि दाराला आतून खुंटी नाही. कडीही पूर्ण बसत नाही, ती पायाने रेटून धरावी लागते. दोन रुपयांचा खिळा कुणी ठोकला असता तर काम झालं असतं. मी असे तपशील उगाच देत नाही. आजारी माणसाचा दिवस याच तपशिलांचा बनलेला असतो.

चॅपेलमधल्या उपासनेची मला मनापासून ओढ होती. वेदनायगम शास्त्री हे सरफोजींबरोबर श्वार्ट्झच्या हाताखाली शिकलेले तमिळ कवी. त्यांचा जन्म 1774 चा, आणि जवळजवळ 90 वर्षांचं आयुष्य त्यांना लाभलं. सरफोजींनी आपल्या या सहाध्यायाला दरबाराचा आश्रय दिला. त्यांची गीतं तमिळ चर्चमध्ये अजून गायली जातात. कर्नाटक संगीताच्या वळणाची ती गीतं शंभर तरुण गळ्यांतून ऐकणं हा मोठा आनंद आहे. तो मला धड घेता आला नाही, कारण पाहुणा म्हणून मला पहिल्या बाकावर, मधोमध बसवलं. डावीकडे प्राध्यापक, उजवीकडे प्राध्यापक, समोर वेदी. अशा जागेवरून उठायचं म्हणजे सगळ्या चॅपेलच्या डोळ्यांदेखत अर्धा बाक उठवायचा. मी आधीच सांगितलं होतं, मला मागे दाराशी, बाकाच्या कडेला बसू द्या. उत्तर आलं, पाहुण्याला मागे बसवणं बरं दिसत नाही. मान कुणाला कुठे बसवून होतो, हे पाहुण्याला विचारून ठरवायला हवं. पाहुण्याने जागा मागून घेतली असेल तर ती देण्यातच मान आहे. गीत रंगात आलेलं असताना मी कुशीवर मुठीने दाबून धरून फक्त ते संपण्याची वाट पाहत होतो. इतक्या लांबून जे ऐकायला गेलो, तेच संपावं असं वाटणं, यासारखं दुःख नाही.

दुसऱ्या दिवशीच्या उपासनेत माझ्या मूत्रपिंडासाठी प्रार्थना झाली. नाव घेऊन, गाव सांगून, अवयव सांगून. मी हे फक्त अतिथिगृहाच्या वॉर्डनना सांगितलं होतं, तेही खोली स्वच्छतागृहाजवळची मिळावी म्हणून. त्यांनी ते तळमळीनेच वर कळवलं. माझ्यासाठी डोळे मिटून उभी राहिलेली ती मुलं पाहून मला भरून आलं, हे मी नाकारत नाही. परक्या धर्माच्या, परक्या भाषेच्या माणसासाठी कुणी देवाकडे मागणं मागतं, ही लहान गोष्ट नव्हे. पण माझ्या आजाराची बातमी माझी आहे. ती कुणाला द्यायची, कधी द्यायची, हे मी ठरवायचं. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, आपल्यात जे आजारी आहेत त्यांच्यासाठी प्रार्थना करा. तेवढ्याने मीही त्यात आलो असतो आणि चव्हाट्यावर आलो नसतो. त्या प्रार्थनेनंतर मला जिन्यावर, जेवणाच्या रांगेत, ग्रंथालयाच्या दारात विचारणा होऊ लागली: “सर, पडला का?” उद्या हीच मुलं पास्टर होतील. कुणी त्यांच्याकडे कॅन्सर घेऊन येईल, कुणी मनोविकार, कुणी मूल होत नाही हे दुःख. गुपित सांभाळण्याची सवय त्यांना सेमिनरीतच लागायला हवी.

बातमी फुटली की सल्ले येतात. तमिळनाडूत मुतखड्यावर एकच राजमान्य इलाज आहे: केळीच्या गाभ्याचा रस. तो मला सकाळी मिळाला, त्याची भाजी दुपारी मिळाली. घरून फोनवर मावशी कुळथाच्या कढणाचा आणि पानफुटीच्या पानांचा आग्रह धरत होती. कढण पातळ असतं, रसही पातळ असतो. त्यातून पाणी पोटात जातं, म्हणून मी दोन्हींना नाव ठेवत नाही. तक्रार आहे ती ताटातले पदार्थ परस्पर काढून घेण्याबद्दल. वाढणाऱ्याने माझं दही उचललं, कारण खडा कॅल्शियमचा असतो. वास्तविक जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं. दूध-दही बंद केलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि खड्याचा धोका वाढतो. टाळायचं ते जादा मीठ, कारण मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं. दही गेलं, आणि लोणचं व अप्पळम म्हणजे पापड मात्र मायेने दुप्पट वाढले गेले. मला काय चालतं हे मी सांगत होतो, पण रोग्याला स्वतःच्या रोगातलं काही कळतं, हे मानायला कुणी तयार नसतं.

रात्रीची गोष्ट मात्र लहान म्हणता येणार नाही. अतिथिगृहाच्या खोलीत भिंतीवर चौकटीत बसवलेलं बायबलमधलं वचन होतं. त्याखाली जेवणाच्या वेळा, पंखा आणि दिवे बंद करण्याची सूचना, रात्री 9 नंतर बाहेरच्यांना मज्जाव, चादरींचा हिशेब. रात्री गरज पडली तर कुणाला फोन करायचा, एवढा एक आकडा त्या भिंतीवर नव्हता. कळ अशी वाढली की वेदनाशामक गोळी उलटून पडली. खाली आलो तर फाटकाला कुलूप आणि रखवालदार मागच्या अंगाला. 108 ची रुग्णवाहिका तमिळनाडूतही मिळते, पण ती आली तरी बंद फाटकाशी येणार. परीक्षेसाठी जागत असलेल्या एका विद्यार्थ्याने माझी हाक ऐकली, रखवालदाराला उठवलं आणि मला मोटारसायकलवर मागे बसवून इंजेक्शन देणाऱ्या दवाखान्यात नेलं. येईपर्यंत पहाट झाली होती. सकाळी त्याचा पेपर होता. त्याचं ऋण मी विसरणार नाही. पण त्या रात्री मी वाचलो तो एका मुलाच्या जागरणामुळे, संस्थेच्या व्यवस्थेमुळे नव्हे. चांगुलपणावर सोपवलेली व्यवस्था ज्या रात्री चांगला माणूस गाढ झोपतो, त्या रात्री कोसळते.

ही तक्रार मी कोणत्याही संस्थेबद्दल केली असती. लुथरन सेमिनरीबद्दल ती जास्त पोटतिडकीने करतो, कारण यांना शरीराच्या दुखण्याची ओळख नव्याने करून द्यावी लागू नये. ज्याच्या नावाने हा पंथ ओळखला जातो, तो मार्टिन ल्यूथर स्वतः मुतखड्याचा रोगी होता. फेब्रुवारी 1537 मध्ये तो जर्मनीतल्या श्माल्काल्डेन इथे प्रोटेस्टंट राजांच्या बैठकीसाठी गेला. त्या बैठकीसाठी त्याने श्रद्धेची कलमं लिहून नेली होती. तिथे त्याची लघवी अडली. तो इतका आजारी पडला की बैठकीला बसू शकला नाही. तो आता मरणार, अशीच सगळ्यांची समजूत झाली. 26 फेब्रुवारीला त्याला घोडागाडीत घालून घराकडे न्यायला निघाले. खाचखळग्यांच्या रस्त्यावरच्या हादऱ्यांनी म्हणा किंवा कशाने म्हणा, त्या रात्री तांबाख गावात लघवी सुटली. त्याने लगेच पत्नी काथारिनाला पत्र लिहून लघवीचा हिशेब आनंदाने कळवला. तिने सांगितलेल्या शेणाच्या घरगुती औषधाचा उपयोग झाला नाही, हेही सांगून टाकलं. ती श्माल्काल्डेनची कलमं 1580 च्या ‘बुक ऑफ कॉन्कॉर्ड’ या लुथरन श्रद्धाग्रंथात समाविष्ट झाली, आणि लुथरन सेमिनऱ्यांतले विद्यार्थी ती आजही अभ्यासतात. ती वाचताना ती लिहिणाऱ्याची ती रात्रही वाचली पाहिजे.

मिशनऱ्यांचे अहवाल जिथे छापले जात, त्या हालेच्या अनाथाश्रमाला जोडून मोठं औषधालयही होतं आणि तिथली औषधं तरंगमबाडीला येत. तरंगमबाडीच्याच ग्रुंडलर या मिशनऱ्याने 1711 मध्ये तमिळ वैद्यकावर जर्मन भाषेत ग्रंथ तयार केला, कारण इथल्या आजारांवर इथले वैद्य काय करतात हे त्याला समजून घ्यायचं होतं. श्वार्ट्झच्या शिष्याने, आपल्या सरफोजीराजांनी, तंजावरला धन्वंतरी महाल उभारला आणि देशी औषधांची पारख करवली. त्यांच्या काळच्या नेत्ररोग्यांच्या नोंदी तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत: रोग्याची तक्रार, डोळ्याचं रंगवलेलं चित्र, केलेले उपचार. एकेका डोळ्यासाठी चित्रकार बसवणारा राजा ज्या शिकवणुकीतून घडला, त्या शिकवणुकीच्या वारसांना दारामागे खुंटी सुचू नये, याचं मला खरंच वाईट वाटतं. तिथल्या अभ्यासक्रमात आजाऱ्यांना भेटी कशा द्याव्यात, हे शिकवलं जातं. वर्गात शिकवतात ते व्हरांड्यातही दिसलं पाहिजे.

आपल्याकडे महाराष्ट्रात वेगळं आहे, असं मी म्हणत नाही. आपली ग्रंथालयं, विद्यापीठाची कार्यालयं, मठ, साहित्य संमेलनांचे मांडव, सगळीकडे पाणी लांब आणि किल्ली कुणाकडे तरी असते. पाहुण्यांच्या गळ्यात शाल-हार पडतात आणि त्यांना संडास दाखवायला माणूस नसतो. रोगी माणसं म्हणूनच अशा ठिकाणी येणं हळूहळू थांबवतात, आणि ती का येईनाशी झाली हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

खडा मी घरी परतल्यावर पडला. गाळणीत सापडला, कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. पण निघण्याआधीच मी सेमिनरीच्या प्राचार्यांना सगळं लेखी दिलं होतं. वाचनकक्षाच्या दाराबाहेर बाटल्यांसाठी टेबल. पिंपाला लांब साखळी आणि आणखी पेले. पाहुण्यांचं स्वच्छतागृह दिवसभर उघडं, आतून नीट बसणारी कडी आणि दोन खुंट्या. चॅपेलमध्ये दाराजवळचा बाक मागेल त्याला. प्रार्थनेत नाव घेण्याआधी त्या माणसाची परवानगी. ताटात काय वाढायचं, हे जेवणाऱ्याने सांगावं तसं. खोलीच्या भिंतीवर रात्री फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर, जवळच्या हॉस्पिटलचा पत्ता आणि फाटकाची किल्ली कुणाकडे आहे त्याची नोंद. एवढं झालं तर आजारी पाहुण्याला आजार सांगावाच लागणार नाही. मधुमेही, गरोदर बाई, म्हातारा माणूस, सगळे त्यातून सुखरूप पार पडतील.

प्राचार्यांनी कागद शांतपणे वाचला आणि म्हणाले, निधी मिळाला की नवं अतिथिगृह बांधायचं आहे, त्यात या सगळ्याचा विचार करू. अतिथिगृह त्यांनी जरूर बांधावं. पण टेबल ठेवायला निधी लागत नाही, खिळा ठोकायला समिती लागत नाही, आणि कुलूप काढायला तर काहीच लागत नाही. एवढं त्यांनी उद्या सकाळी, चॅपेलची घंटा होण्याआधी करावं.